मगदूम अण्णांचा पॉवर सप्लाय

गेम खेळायला कॉम्प्युटर जोडून घेणारं गिऱ्हाईक ग्राफिक्स कार्डाबद्दल तासभर बोलतं, स्क्रीनबद्दल अर्धा तास, आतल्या रंगीत दिव्यांबद्दल तर विचारूच नका. पॉवर सप्लायची वेळ आली की मात्र हात झटकतं, "तो टाका कुठलातरी." अठरा वर्षं इचलकरंजीत माझं दुकान आहे आणि अठरा वर्षं या एका वाक्याने माझं डोकं फिरतं. अख्खं मशिन ज्याच्या जिवावर चालणार, तो म्हणे कुठलातरी.

मगदूम अण्णा तसं म्हणाले नाहीत. २०३७ सालच्या दिवाळीनंतर ते दुकानात आले, हातात दोन खोकी. एकात कार्ड, दुसऱ्यात मोटारीसारखं स्टिअरिंग.

"सन्मतीनं पाठवलंय," ते म्हणाले. "बाकीचं तू जोडून दे. पण शैला, करंटचं आधी सांग. कार्ड किती ओढणार, आमची लाइन किती देणार, आन् मधी काय बसवायचं?"

मला त्यांना चहा पाजावासा वाटला, आणि पाजलाही.

आदगोंडा मगदूम, वय सहासष्ट, जन्मभर जॉबर. जॉबर म्हणजे बिघडलेला यंत्रमाग दुरुस्त करणारा माणूस. माझ्या वडिलांचे आठ माग त्यांच्याच हातांवर चालायचे. शेडच्या दारात उभं राहून, आत पाऊलही न टाकता, कुठला माग रुसलाय हे ते नुसत्या आवाजावरून सांगत. लहानपणी मला ती जादू वाटायची. तेव्हापासून ते मला शैला म्हणतात आणि मी त्यांना अण्णा.

सन्मती त्यांचा एकुलता एक मुलगा, पर्थला असतो. सहा वर्षांपूर्वी त्याने ऑस्ट्रेलियाला जायचं ठरवलं आणि जेवताना वडिलांना सांगितलं. अण्णा भरल्या ताटावरून उठले, कामावरच्या शेडमध्ये गेले आणि मुलगा निघेपर्यंत तिथेच राहिले. निरोपालाही आले नाहीत. पुढे काकू, म्हणजे सन्मतीची आई, वारल्या, सन्मती चार दिवस येऊन गेला, आणि त्या चार दिवसांतही बापलेक एकमेकांशी चहा-पाण्यापलीकडे बोलले नाहीत. आता एकाएकी त्याचा निरोप आला होता: दर रविवारी सकाळी नऊ वाजता रॅली खेळायची का?

रॅली म्हणजे डोंगरातल्या रस्त्यावरून मोटार पळवायचा खेळ. त्याला दोघं लागतात. एक चालवतो आणि दुसरा शेजारी बसून पुढचं वळण ओरडून सांगतो, कारण चालवणाऱ्याला ते दिसतच नसतं. सन्मतीने वडिलांना चालवायला बसवलं आणि वळणं सांगायचं काम स्वतःकडे घेतलं. एकमेकांशी बोलायची इतकी आडवळणाची युक्ती मी दुसरीकडे पाहिली नाही.

आता सप्लायचं. आजकालचं कार्ड सरासरी पाचशे वॅट खातं, पण सरासरीवर जाऊ नका. समोर एकदम नवं दृश्य आलं, धूळ उडाली, गाडी घसरली, की काही मिलिसेकंदांसाठी तेच कार्ड हजाराच्या वर उडी मारतं. ही उडी भिंतीतल्या लाइनपर्यंत पोचून चालत नाही. नव्या मीटरांना असला हिसका बसला की ते घराचा करंट दहा मिनिटं तोडतात. म्हणून सप्लायच्या आत कपॅसिटर असतात. घरावर पाण्याची टाकी असते ना, तसंच: नळाला धार कमी असली तरी बादली टाकीतून भरते.

टाकी किती मोठी ठेवायची, यावरून दोन जाती आहेत. एक आम्ही दुकानात लोखंडी म्हणतो. भलीमोठी टाकी, साडेसहा किलो वजन, अक्कल शून्य. कितीही उड्या मारा, तो हलत नाही. दुसरा अंदाजी. त्याची टाकी लहान असते, पण आत एक चिप असते आणि ती उडी येण्याच्या आधीच टाकी भरून ठेवते. उडी कधी येणार हे तिला कसं कळतं? ती खेळणाऱ्याचा हात शिकते. वळणाची सूचना कधी मिळाली, त्यानंतर या माणसाने चाक किती वेळाने फिरवलं, किती जोरात फिरवलं, हे सगळं बोर्डाकडून घेऊन ती वीस दिवसांत त्या एका माणसाचा अंदाज बांधते आणि पुढे तोच धरून चालते. अंदाज लागोपाठ तीनदा चुकला तर टाकी नको तेव्हा रिकामी सापडते, आणि कार्ड जळू नये म्हणून सप्लाय मशिन बंद करून टाकतो.

"म्हंजे ह्यो माझा हात वळखणार," अण्णा म्हणाले.

"तुमच्यापेक्षा जास्त."

"मग ह्योच दे. हाताची कदर करणारं काहीतरी असू दे घरात."

अंदाजी घरासाठी चांगलाच असतो. पंखा नाही, आवाज नाही, वीज वाया जात नाही. मी खुशीने दिला. पुढचं सगळं माहीत असतं तरी तोच दिला असता, हे मी आज विचार करून सांगतेय.

पहिल्या रविवारी मशिन कसं चालतंय बघायला मी त्यांच्या घरी थांबले. खोलीत सन्मतीचा आवाज आला, अगदी रेल्वेच्या घोषणेसारखा कोरडा. "शंभर मीटर, डावं, चार. लगेच उजवं, दोन, आवळतंय." आकडा जितका लहान, तितकं वळण अवघड. अण्णांनी चाक असं फिरवलं की मी बघतच राहिले. शेवटची रेषा ओलांडल्यावर सन्मती म्हणाला, "बरं. पुढच्या रविवारी." आणि अण्णा त्या बंद झालेल्या स्क्रीनकडे बघून इतके खूश होते की मी निघते म्हटलेलं त्यांना ऐकूच आलं नाही.

सहा महिने झकास गेले. मेमध्ये अण्णा दुकानात आले ते चेहरा पाडून.

"मशिन मधीच बंद पडतंय. दोन रविवार झाले."

"सुरू होतंय ना परत?"

"हुतंय. पण तवर त्याच्याकडं लिवून येतंय, जोडीदार निघून गेला. हे बघ."

त्यांनी फोन पुढे केला. सन्मतीचा निरोप होता. 'परत उठून गेलात. नको असेल तर तसं सांगा.'

"मी न्हाई उठलो, शैला," अण्णा म्हणाले. "सांगितलं त्याला, मशिनचा घोळ हाय म्हणून. त्याला वाटतंय मी सबबी सांगतोय. अजून दोन-तीनदा असं झालं, तर त्यो काय दर रविवारी बसंल व्हय?"

बसणार नाही, हे मलाही दिसत होतं. तो रविवारचा तासभर सोडला तर त्या दोघांमध्ये काही उरलं नव्हतं. मी सरळ सप्लाय काढला आणि वॉरंटीत नवा बसवला. आमच्या धंद्यात निदानाची हीच रीत: संशयित काढा, नवा घाला, चाललं म्हणजे काढलेला खराब. नवा चालला. मी जिंकले असं समजून ऑक्टोबरपर्यंत निवांत होते. ऑक्टोबरात तोही मशिन बंद पाडू लागला, मग तिसरा बसवला. तिसरा तर दोन महिनेच टिकला.

आता मात्र मी सप्लायच्या आतली नोंद उघडली. त्यात एक ओळ होती: पाठीमागची थरथर, सेकंदाला पाच. मी अण्णांना वाचून दाखवली. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला.

"मिनटाला तीनशे. तीनशे पिकाचा माग हाय ह्यो," ते ठामपणे म्हणाले. एक पीक म्हणजे धाग्याची एक फेरी. "माझ्या भिंतीला लागून कुरुंदवाड्यांचं शेड हाय. त्यात तसलेच चोवीस माग हायत. लाइनीतनं येतंय ते."

आम्ही दोघंही मागाच्या गावचे. इथे दिवा लुकलुकला तरी मागाचं नाव, दूध नासलं तरी मागाचं नाव. पाच ठोके म्हणजे तीनशे पीक, हे इतकं बरोब्बर जुळलं की मी पुढे विचारच केला नाही. लाइनीवर महागातला फिल्टर बसवला आणि पाठ थोपटून घेतली.

जानेवारीत एका रविवारी दुपारी अण्णांचा फोन आला, मशिन परत बंद पडलं होतं. सन्मतीने या वेळी निरोपही पाठवला नव्हता, आणि त्या न आलेल्या निरोपानेच अण्णा जास्त घाबरले होते. मी गेले, लॅपटॉप जोडला, सकाळच्या खेळाची नोंद काढली. फिल्टर असूनही पाच ठोके तसेच. मी चरफडले, आणि मग मला जाणवलं की घरात फार शांत आहे.

"अण्णा, शेड आज बंद आहे का?"

"आज? सव्वा महिना झाला की. जुने माग काढून न्हेले, नवे यायचेत. आत नुसती कबुतरं हायत."

मी नोंदीकडे बघितलं. आज सकाळचेच पाच ठोके. शेजारी एकही माग नाही. मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं: ठोके कुठे येतात ते पाहिलं. वळणांवर ते नव्हते. फक्त सरळ रस्त्यावर होते, म्हणजे चाकावर हात नुसता ठेवलेला असतो तेव्हा. लाइनीतला कंप असता तर तो वळण आणि सरळ रस्ता असा भेद करत बसला नसता. ठोके चाकातून येत होते.

मी मान वर केली. अण्णा समोर खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर होता, आणि अंगठा पहिल्या बोटावर एकसारखा घासत होता, गोळी वळल्यासारखा. त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"उद्या दुकानात या," मी म्हणाले आणि सप्लाय काढायला घेतला. 

काढलेले दोन्ही सप्लाय, कंपनीला परत पाठवायचे राहिलेले, माझ्या कपाटात पडून होते, तिसरा मी बरोबर घेऊन आले आणि अण्णांच्या मशिनमध्ये तात्पुरता एक कामचलाऊ बसवून ठेवला. तिन्ही टेबलावर मांडले, नोंदी एकाखाली एक लावल्या. सन्मतीने वळण सांगितल्यापासून अण्णांचा हात फिरेपर्यंतचा वेळ पहिल्या सप्लायमध्ये सुरुवातीला तीनशे ऐंशी मिलिसेकंद होता, शेवटी चारशे सत्तर. दुसरा चारशे सत्तरपासूनच शिकला, कारण त्याला तोच हात खरा वाटला, आणि पाचशे साठला त्याने हात टेकले. तिसरा पाचशे साठपासून सुरू होऊन साडेसहाशेवर थांबला. तिन्ही सप्लाय ठणठणीत होते. प्रत्येकाने मला बजावलं होतं की हा हात बदललाय, आणि प्रत्येक वेळी मी बजावणाऱ्याला काढून जुनं काहीच माहीत नसलेला नवा बसवला होता. मला स्वतःची इतकी चीड दुसऱ्या कुठल्याही कामात आलेली नाही.

सोमवारी अण्णांना कागदावर तीन रेघा दाखवल्या. लपवाछपवी केली नाही. ते माझ्यापेक्षा जुने कारागीर. त्यांनी चष्मा लावून एकेक आकडा वाचला.

"म्हंजे माग ठीक हाय," ते म्हणाले. "जॉबर बिघडलाय."

"मी डॉक्टर नाही, अण्णा. पण आपण मिरजेला जाऊन येऊ."

मिरजेच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी अण्णांना चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, हात सैल सोडून मनगट फिरवून बघितलं. कंपवाताची सुरुवात, त्या म्हणाल्या. गोळ्यांनी बराच फरक पडतो, कित्येक वर्षं चांगली जातात. मग त्यांनी माझे कागद हातात घेतले आणि खाली ठेवेचनात.

"चौदा महिने, दर आठवड्याला? माझ्याकडे पेशंट येतो तेव्हा हात कधीपासून कापतो हे त्याच्या घरच्यांनाही सांगता येत नाही." त्यांनी रेघांवर बोट फिरवलं. "हे मध्ये मध्ये तुटलंय का?"

"सप्लाय बदलला मी," मी म्हणाले. "बदलला नसता तर मे महिन्यातच कळलं असतं."

"तुम्ही नोंद उघडली नसती तर अजून दोन वर्षांनी आले असते," त्या सहज म्हणाल्या. "आता हेच यंत्र ठेवा, बदलू नका. गोळ्या किती लागू पडतात ते मला बघता येईल."

परतताना अण्णा माझ्या गाडीत शेजारी बसले होते, गोळ्यांची पिशवी मांडीवर.

"सन्मतीला सांगायचं न्हाई," ते म्हणाले.

"का पण?"

"त्यो येईल. नोकरी टाकून येईल, तसलाच हाय त्यो. एकदा मी त्याला अडवायला बघितलं, ताटावरनं उठून. आता आजाराचं नाव सांगून वडून आणू? लोखंडी सप्लाय बसव मला. त्यो हात बघत न्हाई न्हवं?"

"नाही. काही झालं तरी बंद पडणार नाही. पण नोंदही राहणार नाही. आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय..."

"त्यांच्यासाठी बुधवारी तुझ्या दुकानात येऊन एकटा खेळीन, अंदाजीवर. रविवारी मशिन बंद पडता कामा न्हाई. माझं सोन्यासारखं पोरगं तिकडं बसून म्हणतंय, बाप परत उठून गेला. ते मला नकोय."

मी वाद घातला नाही. खरं तर घालायला हवा होता, पण ज्या माणसाचा आजार मी माझ्या हाताने आठ महिने झाकला, त्याला कुठल्या तोंडाने शिकवणार? मी सांगलीहून लोखंडी मागवला.

रविवारी सकाळी आठला मी तो घेऊन गेले. मशिनच्या पेटीत मावेना, मागची पट्टी कापावी लागली. साडेआठला मशिन सुरू झालं, आणि नऊच्या ठोक्याला सन्मतीचा आवाज आला. "आहात ना?"

"हाय."

गाडी सुटली. पहिली दोन वळणं निभावली. तिसऱ्याला सन्मती म्हणाला, "उजवं, दोन," अण्णांचा हात फिरला, पण तोवर वळण संपलं होतं आणि गाडी झाडात होती. कार्डाने जोरदार उडी मारली असणार. लोखंडी ढिम्म हलला नाही. चित्र स्वच्छ होतं. तुटलेलं झाड, धूर, वरती फिरणारे पक्षी, सगळं नीट दिसत होतं.

"मी वेळेवर सांगितलं होतं," सन्मती म्हणाला.

"व्हय."

परत सुरुवात. परत तिसरं वळण, परत झाड. नंतर पाचव्याला दरी. मी भिंतीशी उभी होते आणि मला कळत होतं की मी काय करून बसलेय. आधी हात चुकला की मशिन बंद व्हायचं आणि दोष सप्लायवर जायचा, माझ्यावर जायचा, कुरुंदवाड्यांच्या मागांवर जायचा. आज सगळं व्यवस्थित चालू होतं. दोष द्यायला खोलीत अण्णांच्या हाताशिवाय काहीच शिल्लक नव्हतं.

"अण्णा," सन्मतीचा आवाज चढला होता, "तुम्ही मुद्दाम करताय का? खेळायचं नसेल तर नको म्हणा. हे असं मला... मी इथं दर रविवारी बायकोमुलांना सोडून बसतो."

अण्णांनी चाकावरचा हात काढून मांडीवर ठेवला. हात कापत होता, आता तो त्यांनी दुसऱ्या हाताने दाबून धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मशिन बंद कर, असं ते म्हणतील असं मला वाटलं, आणि म्हटलं असतं तर मी केलं असतं, देवाशपथ. एक बटण तर होतं.

"सन्मती," ते म्हणाले, "वळण जरा आधी सांगत जा. माझा हात उशिरा पोचतोय."

त्यांनी खुर्ची माइकजवळ ओढली.

"कंपवात हाय म्हणाल्या मिरजेच्या डाक्टरीणबाई. गोळ्या सुरू केल्यात. तू यायचं न्हाईस. येऊ नको म्हणूनच सांगणार नव्हतो. पण तुला वाटतंय मी मुद्दाम करतोय, तर ते तसं न्हाई."

मी स्क्रीनवर जोडीदार निघून गेला असं आलंय का ते बघितलं. आलं नव्हतं.

"किती आधी सांगू?" सन्मतीने विचारलं. आवाज त्याचाच होता, पण घोषणेचा नव्हता.

माझ्याकडे आकडा होता, साडेसहाशेतून तीनशे ऐंशी गेले, दोनशे सत्तर मिलिसेकंद. मी तोंड उघडलं नाही.

"अर्धा सेकंद," अण्णा म्हणाले. "बघू. कमी-जास्त लागलं तर सांगतो."

"बरं. पहिल्यापासून घेऊ. तयार?"

गाडी परत सुटली. "डावं, चार," सन्मती म्हणाला, वळण अजून लांब होतं तेव्हाच, आणि अण्णांचा हात सावकाश निघून बरोबर वेळेवर पोचला. "उजवं, दोन." पोचला. तिसऱ्या वळणावरचं झाड बाजूने निघून गेलं. पाचव्याला सन्मतीने थोडी घाई केली, चाक दगडाला घासलं, तो म्हणाला, "चुकलं माझं," आणि अण्णा म्हणाले, "असू दे, असू दे." घाट संपला. पुढे माळ लागला आणि रस्ता सुतासारखा सरळ झाला. चाकावर ठेवलेला अण्णांचा हात कापायला लागला. या वेळी त्यांनी तो दाबून धरला नाही.

सन्मतीला आता सांगण्यासारखं काही नव्हतं. 

"पुढं सहा किलोमीटर सरळ आहे, अण्णा," तो म्हणाला. "बोला."

मी माझा पेचकस उचलला, चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.